धुलाई यंत्राची, झळाळी हाताची

खंडेनवमीच्या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची, अवजारांची आणि वाहनांची पूजा होते. त्याच दिवशी तमिळनाडूत आयुधपूजा असते. गाड्या धुऊन पुसून त्यांना चंदन-कुंकवाचे ठिपके लावतात, झेंडूच्या माळा घालतात आणि चाकांखाली लिंबे ठेवून गाडी पुढे नेतात. चेन्नई शहराच्या दक्षिण टोकास असलेल्या शोळिंगनल्लूरसारख्या वस्तीत, जेथे घरोघरी मोटार आहे आणि मोकळे अंगण मात्र क्वचितच कोणास लाभले आहे, तेथे या सणाच्या सुमारास मोटारी धुण्याच्या केंद्रांपुढे रांगा लागल्या तर नवल नाही. परंतु सण वर्षातून एकदाच येतो. उरलेले दिवस केंद्र कसे चालावयाचे, महागडे यंत्र विकत घेतलेल्या माणसाने कर्जाचे हप्ते कोठून फेडावयाचे, आणि यंत्र आल्यामुळे ज्यांच्या हातचे काम गेले त्यांनी काय करावयाचे, हे खरे प्रश्न आहेत. या तिन्ही प्रश्नांचे पुष्कळसे उत्तर एकाच गोष्टीत सापडते. ती म्हणजे यंत्राच्या धुलाईनंतर हाताने करावयाची निगराणी.

गाव, रस्ता आणि धूळ

शोळिंगनल्लूर हे नाव आज माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगाशी जोडले गेले आहे. महाबलिपुरमकडे जाणारा जुना रस्ता येथून जातो. आता त्याला राजीव गांधी सालै असे नाव आहे. इन्फोसिस, विप्रो, एचसीएल अशा कंपन्यांची विस्तीर्ण कार्यालये या भागात उभी राहिली आणि त्यांच्यामागोमाग उंच इमारतींच्या वसाहती आल्या. २०११ साली चेन्नई महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा हे गाव शहरात आले व पंधराव्या विभागास त्याचेच नाव मिळाले. पूर्वेस बकिंगहॅम कालवा, त्यापलीकडे बंगालचा उपसागर आणि उत्तरेकडे पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन, अशी या वस्तीची चतुःसीमा आहे.

मोटारीच्या दृष्टीने पाहिले तर या निसर्गसंपन्न परिसरात तिचे शत्रूच अधिक आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर क्षार येतात व ते पत्र्यावर बसतात. चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील मार्ग याच रस्त्यावरून जातो. त्याच्या बांधकामामुळे या दशकात येथील हवेत सिमेंटची बारीक भुकटी भरून राहिली आणि पुलाखालून जाणाऱ्या गाड्यांवर ओल्या सिमेंटचे शिंतोडे पडू लागले. मे महिन्यातील ज्या दिवसांना तमिळ लोक अग्निनक्षत्रम् म्हणतात, त्या दिवसांत पत्रा इतका तापतो की पाण्याचा थेंब पुसण्याआधीच सुकून जातो व मागे पांढरा डाग ठेवतो. पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो, तो चिखल घेऊनच. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग वादळाच्या वेळी या दक्षिण भागातील कित्येक मोटारींच्या आसनांपर्यंत पाणी शिरले होते. अशा ठिकाणी मोटार धुणे ही चैनीची नव्हे, तर निगेची बाब ठरते.

यंत्राची कहाणी

मोटार यंत्राने धुण्याची कल्पना मोटारीइतकी जुनी नसली तरी बरीच जुनी आहे. १९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ‘ऑटोमोबाईल लाँड्री’ या नावाचे केंद्र निघाले, असे या धंद्याचा इतिहास सांगतो. तेथे यंत्र असे काही नव्हते. माणसेच गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ढकलीत नेत. एक जण साबण लावी, दुसरा पाणी ओती आणि तिसरा पुशी. १९५१ साली सिॲटल येथे तीन अँडरसन बंधूंनी माणसाचा हात न लागता गाडी धुतली जाईल अशी व्यवस्था उभी केली. १९६२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात वायगेले आणि सुल्त्सबेर्गर या दोन उद्योजकांनी गाडीभोवती फिरणाऱ्या ब्रशांच्या स्वयंचलित यंत्राचे पेटंट नोंदविले. आज आपल्या देशात जी यंत्रे दिसतात ती याच दोन कुळांतील आहेत. काही यंत्रांत गाडी पट्ट्यावरून बोगद्यात सरकत जाते, तर काहींत गाडी उभी राहते व यंत्रच तिच्यावरून मागेपुढे फिरते.

यंत्राचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. ते थोड्या मिनिटांत गाडी धुते, पाणी मोजून वापरते, आणि वापरलेले पाणी गाळून पुन्हा घेण्याची सोय त्याला जोडता येते. २०१९ च्या जून महिन्यात चेन्नईचे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते, तेव्हा या रस्त्यावरच्या काही कार्यालयांनी पाण्याअभावी नोकरांना घरी बसून काम करण्यास सांगितले होते. ज्या शहराने असे दिवस पाहिले आहेत, तेथे रबरी नळी सोडून अंगणभर पाणी वाहविणे शोभणारे नाही.

परंतु यंत्राचा हात सर्वत्र पोहोचत नाही. दरवाजा उघडल्यावर दिसणारी चौकट, बिजागऱ्यांच्या खाचा, आरशामागची बेचकी, क्रमांकाच्या पाटीभोवतीची कड, चाकाच्या आऱ्यांची आतली बाजू आणि पेट्रोलच्या झाकणाखालची जागा येथे मळ तसाच राहतो. वाऱ्याच्या झोताने गाडी वाळविली तरी खाचांत अडकलेले पाणी पुढच्या वळणावर ओघळून बाहेर येते व नुकत्याच धुतलेल्या पत्र्यावर रेघा ओढते. गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतात त्या याच रेघा. यंत्राने केलेले नव्वद हिस्से काम तो विसरतो आणि राहिलेल्या दहा हिश्श्यांवरून केंद्राची परीक्षा करतो. हे दहा हिस्से भरून काढण्याचे सामर्थ्य हातातच आहे. हात फिरे तेथे लक्ष्मी वसे, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या आहेत. धुलाईच्या धंद्यात ही म्हण शब्दशः खरी ठरते.

प्रथम पाणी पाहावे

हाताच्या कामाचा विचार करण्यापूर्वी शेवटच्या पाण्याचा विचार केला पाहिजे. समुद्रकाठच्या कूपनलिकांचे पाणी बहुधा खारट असते. समजा, एका लिटरात एक ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिले आणि ते उन्हात तसेच सुकले, तर पाव ग्रॅम क्षार ठिपक्याठिपक्यांनी पत्र्यावर व काचांवर बसणार. दर आठवड्यास असे होत गेले की डाग रंगात मुरतात आणि मग साध्या फडक्याने निघत नाहीत.

यास उपाय दोन आहेत. पहिला हा की, शेवटचे खंगाळणे क्षार काढून टाकलेल्या पाण्याने करावे. त्यासाठी लहानसे शुद्धीकरण यंत्र पुरते. त्यातून जे अधिक खारट पाणी बाहेर पडते ते फेकून न देता चाकांच्या आणि गाडीच्या खालच्या भागाच्या पहिल्या चिखलधुलाईस वापरावे, मात्र त्यावर शेवटी गोडे पाणी मारण्यास विसरू नये. खारे पाणी लोखंडावर राहू देणे म्हणजे गंजास आमंत्रण देणे होय. दुसरा उपाय त्याहून साधा आहे. गाडी यंत्रातून बाहेर येताच ती सावलीत घ्यावी आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी ताबडतोब पुसून काढावी. चेन्नईच महानगर समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च करते. मिंजूर येथील प्रकल्प २०१० साली आणि नेम्मेली येथील २०१३ साली सुरू झाला, आणि प्रत्येकाची क्षमता दिवसास दहा कोटी लिटर आहे. जेथे गोड्या पाण्याची किंमत एवढी आहे, तेथे त्याचा प्रत्येक थेंब हिशेबाने वापरणे हे व्यापाराचेच नव्हे, नागरिकत्वाचेही लक्षण आहे.

हाताची कामे कोणती?

धुलाईकेंद्राने एकदम दहा-पंधरा सेवांची पाटी लावू नये. आरंभी तीन-चार कामे निवडावी, ती निर्दोष करावी आणि मग हळूहळू पुढे जावे.

पहिले काम पुसण्याचे. हे सर्वांत साधे आणि सर्वांत महत्त्वाचे. पूर्वी यासाठी शामवा म्हणजे मऊ कमावलेले कातडे वापरीत. आता पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिशय बारीक धाग्यांची फडकी सर्वत्र मिळतात. ही फडकी पाणी झटकन शोषतात आणि धूळ धाग्यांत अडकवून घेतात. काचेची, पत्र्याची आणि चाकांची फडकी निरनिराळ्या रंगांची ठेवावी व ती कधीही एकत्र होऊ देऊ नयेत, कारण चाकांवरील लोखंडी कण पत्र्याच्या फडक्यात आले तर ते वाळूच्या कागदासारखे रंगावर ओरखडे काढतील. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा धुतल्यावाचून गाडीस लावू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा.

दुसरे काम काचांचे. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस एक अंधूक साय धरते. उन्हाने तापलेल्या प्लॅस्टिकमधून निघालेले पदार्थ काचेवर बसून ती तयार होते. दिवसा ती दिसत नाही, परंतु रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश तिच्यावर पसरतो आणि चालकाचे डोळे दिपतात. एक ओलसर व एक कोरडे अशी दोन फडकी घेऊन पाच मिनिटांत ही साय काढता येते. या कामाचा लाभ घरच्या सर्व माणसांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे, हे गिऱ्हाइकास समजावून सांगितले तर तो त्याचे मोल आनंदाने देतो.

तिसरे काम आतील भागाचे. मुलांनी सांडलेली बिस्किटे, कोवळम् किंवा महाबलिपुरमच्या किनाऱ्यावरून पायांबरोबर आलेली वाळू आणि पायांखालच्या चटयांत रुतलेला चिखल यांसाठी हवेने धूळ ओढणारे यंत्र व मऊ ब्रश लागतो. समोरच्या फळीवर चकचकीत द्रव फासण्याचा मोह आवरावा. त्या चकाकीचे प्रतिबिंब काचेत पडते व रस्ता नीट दिसत नाही. चक्रावर आणि पायांखालच्या पट्ट्यांवर तर असा निसरडा द्रव कधीच लावू नये.

चौथे काम मेण लावण्याचे. मोटारीच्या रंगाचे सर्व थर मिळून जाडी साधारणपणे शंभर ते दीडशे मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांतील सर्वांत वरचा पारदर्शक थर पन्नास मायक्रॉनच्या आसपासच असतो. हा पातळ पदर म्हणजे गाडीचे कातडेच होय. ब्राझील देशातील एका ताडाच्या पानांवरून कार्नोबा नावाचे कठीण मेण मिळते. ते ऐंशी अंशांहून अधिक उष्णतेशिवाय वितळत नाही, म्हणून गाडीच्या मेणात त्याला मान आहे. सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ थर देऊन आणि तो सुकल्यावर स्वच्छ फडक्याने घासून काढला की पाणी टिकत नाही व खारी धूळ चटकन निघते. ही झळाळी कायमची नसते, काही आठवड्यांनी ती उतरते, हे गिऱ्हाइकास आधीच सांगावे. खरे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

यांखेरीज या भागातील गरजेनुसार काही लहान कामे करता येतात. पक्ष्यांची विष्ठा वाळली असेल तर ती खरवडू नये. त्यावर ओले फडके पाच मिनिटे ठेवावे व मग हलक्या हाताने उचलून घ्यावे. सिमेंटच्या शिंतोड्यांवर पाणी मिसळलेला शिरका लावून ते मऊ होऊ द्यावेत, मग भरपूर पाण्याने धुवावे. पात्याचा उपयोग कदापि करू नये. आयुधपूजेच्या कुंकू-हळदीचे ठिपके सण होताच पुसून टाकावे, नाहीतर फिक्या रंगाच्या गाडीवर त्यांची छाया मागे राहते. पुढच्या दिव्यांवरील प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते. ते ओल्या बारीक कागदाने घासून त्यावर संरक्षक लेप दिला तर रात्रीचा प्रकाश पुन्हा स्वच्छ पडतो.

काही कामे मात्र आरंभी हाती घेऊ नयेत. फिरत्या यंत्राने रंग घासणे, महागडे चिनी मातीचे लेप देणे आणि इंजिनावर जोराचे पाणी मारणे या कामांत अनुभव नसेल तर नफ्यापेक्षा नुकसानभरपाईच अधिक द्यावी लागते. पुराचे पाणी शिरलेल्या गाडीचे गालिचे काढून वाळविणे हे केंद्राचे काम असू शकते, परंतु विजेच्या तारांना कुशल मिस्त्रीनेच हात लावावा.

हिशेबाची वही

आता या कामांनी धंद्यास खरोखर हातभार लागतो की नाही, हे आकड्यांनी पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत व त्यांत कर धरलेले नाहीत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून तो हिशेब पुन्हा मांडावा.

समजा, एका केंद्रात रोज ४० मोटारी यंत्राने धुतल्या जातात, दर मोटारीस ३०० रुपये मिळतात आणि महिन्याचे २६ दिवस काम चालते. महिन्याची मिळकत ३,१२,००० रुपये झाली. पाणी, साबण आणि वीज यांस दर मोटारीमागे ९० रुपये लागले तर ९३,६०० रुपये वजा जातात. उरले २,१८,४०० रुपये. जागेचे भाडे ८०,०००, कर्जाचा हप्ता ७५,०००, तीन नोकरांचे पगार ५४,००० आणि यंत्राची दुरुस्ती १५,००० मिळून खर्च होतो २,२४,००० रुपये. म्हणजे दिवसभर रांग लागूनही महिन्याच्या शेवटी ५,६०० रुपयांची तूटच येते.

आता समजा, त्या ४० गाड्यांपैकी १० गाड्यांचे मालक दीडशे रुपयांचे लहान काम सांगतात, म्हणजे खाचा पुसणे, आतून काचा स्वच्छ करणे आणि चाके पुसणे. त्याला एका माणसाची १५ मिनिटे व २० रुपयांचे साहित्य लागते. आणखी ४ मालक सहाशे रुपयांचे मेण लावून घेतात. त्याला दोन माणसांची ४५ मिनिटे व १०० रुपयांचे साहित्य लागते. रोजची मिळकत ३,९०० रुपये, साहित्याचा खर्च ६०० रुपये, उरले ३,३०० रुपये. महिन्यास ८५,८०० रुपये. दरमहा अठरा हजारांवर दोन नवी माणसे ठेवली तर ३६,००० रुपये गेले, आणि फडकी, हातमोजे व किरकोळ नुकसान यांसाठी ६,००० रुपये बाजूस ठेवले, तरी ४३,८०० रुपये शिल्लक राहतात. पूर्वीची तूट भरून निघते आणि वर ३८,२०० रुपये हातात उरतात.

या हिशेबातून दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली ही की, मेणाचे काम मोठे दिसत असले तरी मिनिटामागे त्यातून साडेपाच रुपयांच्या आसपासच सुटतात. लहान कामातून मात्र मिनिटामागे साडेआठ रुपयांहून अधिक सुटतात. म्हणून गर्दीच्या वेळी लहान कामांस अग्रक्रम द्यावा, आणि कार्यालये भरल्यानंतर दुपारी जी निवांत वेळ असते ती मेणासाठी राखावी. दुसरी गोष्ट अशी की, हाताची कामे निम्म्यावर आली तरी दोन्ही माणसांचा पगार कसाबसा निघतो. त्याहून खाली गेली तर मात्र माणसे ठेवणे परवडणार नाही. तेव्हा प्रारंभी एकाच माणसावर काम चालवावे व मागणी पाहून दुसरा घ्यावा. पावसाळ्यात यंत्राकडे गाड्या कमी येतात, परंतु ओलसर वासाच्या आसनांची आणि काचांची कामे वाढतात. हाही एक आधारच आहे.

भांडवलासाठी बँकेकडे जावयाचे असेल तर प्रधानमंत्री मुद्रा योजनेचा विचार करावा. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख व तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. २०२४ पासून तरुण गटातील कर्ज व्यवस्थित फेडणाऱ्यास २० लाखांपर्यंत कर्जाची तरतूद झाली आहे. हाताच्या कामास लागणारे सामान थोडे असल्यामुळे पहिल्या गटातील रकमेतही आरंभ करता येतो.

जागेची मांडणी

कित्येक केंद्रांत हाताचे काम यंत्राच्या तोंडाशीच केले जाते. एक गाडी पुसली जात असता मागच्या तीन गाड्या यंत्रात अडकून पडतात. त्यामुळे हाताने मिळविलेले पैसे यंत्राच्या खोळंब्यात जातात. हाताच्या कामाची जागा बाहेर पडण्याच्या वाटेपलीकडे, बाजूस, छपराखाली असावी. जमिनीवर रेघा आखून दोन किंवा तीन गाड्यांची ठिकाणे ठरवावी. भावाची पाटी गाडी आत येतानाच दिसली पाहिजे, आणि ती शोळिंगनल्लूरसारख्या ठिकाणी तमिळ व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत हवी. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली माणसे तेथे राहतात. काम सुरू करण्यापूर्वी गाडीभोवती मालकासह एक फेरी मारून जुने ओरखडे व पोचे कागदावर टिपून घ्यावेत. एका मिनिटाची ही सावधगिरी पुढचे तासाचे भांडण वाचविते.

हात कोणाचे?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. झळाळी ज्या हातांनी येते, त्या हातांच्या वाट्यास काय येते?

आपल्या शहरांतील वसाहतींत भल्या पहाटे बादली आणि फडके घेऊन मोटारी पुसणारी माणसे सर्वांच्या परिचयाची आहेत. महिनेवारी ठरवून ती अनेक गाड्या पुसतात. यंत्र आले की त्यांना वाटते, आपला घास गेला. परंतु ज्याने वर्षानुवर्षे गाड्या पुसल्या आहेत, त्याच्या बोटांना पत्र्याची भाषा कळते. कोठे खडा अडकला आहे आणि कोठे रंग सुटू लागला आहे, हे त्याला स्पर्शाने समजते. केंद्राने नवखा माणूस आणण्याऐवजी अशा अनुभवी माणसास बोलावले व महिन्याभराचे शिक्षण दिले, तर यंत्र त्याचा वैरी न राहता सोबती होईल.

परदेशांचा अनुभव येथे बोलका आहे. अमेरिकेत यंत्राच्या तोंडाशी गाड्या पुसणाऱ्या कित्येक मजुरांना पगार न देता केवळ बक्षिसीवर राबविले जात असे. अखेरीस कॅलिफोर्निया राज्याने २००३ साली कायदा करून अशा केंद्रांना नोंदणी करणे व वेतनाच्या नोंदी ठेवणे भाग पाडले. ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत हाताने गाड्या धुण्याची स्वस्त केंद्रे गल्लोगल्ली निघाली आणि यंत्रे मागे पडली. परंतु २०१८ साली तेथील संसदेच्या पर्यावरणविषयक समितीने या केंद्रांतील मजुरांच्या पिळवणुकीकडे व गटारांत जाणाऱ्या घाण पाण्याकडे लक्ष वेधले. यावरून धडा असा की, हाताची सेवा स्वस्त करण्याच्या नादात हात स्वस्त करू नयेत.

किमान वेतन, आठवड्याची सुटी, रबरी हातमोजे व बूट, पिण्याचे थंड पाणी, बसण्यास स्टूल आणि उन्हाच्या कडाक्यात दुपारची विश्रांती ही काही उपकाराची गोष्ट नाही. सतत ओल्या हातांनी काम केल्याने त्वचा फाटते, म्हणून दिवसाअखेर हातांना खोबरेल तेल लावण्याची सोयही असावी. दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तर कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ त्यांस मिळावयास हवा. वर दाखविलेल्या हिशेबात पगार आधी वजा केला आहे व नफा नंतर मोजला आहे, तो याच हेतूने. पगार कापून उरलेला नफा फार दिवस टिकत नाही. कसबी माणूस निघून जातो आणि त्याच्यामागे गिऱ्हाईकही जाते.

फडकी धुण्याचे काम तर स्वतंत्र गृहोद्योग होऊ शकते. चाळीस गाड्यांच्या केंद्रास रोज कित्येक डझन फडकी लागतात. परिसरातील महिलांच्या बचतगटाने हे काम घेतले तर घर सांभाळून नियमित मिळकत होईल. या फडक्यांना सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, कारण सुताचे तंतू त्यांत अडकतात. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याने शोषणशक्ती जाते. आणि फार कडक पाण्यात उकळू नये. एवढी तीन पथ्ये सांभाळली की फडके दीर्घकाळ टिकते.

आपल्याकडेही हेच

शोळिंगनल्लूरची ही कथा आपल्या वाचकांस परकी वाटू नये. रत्नागिरी, मालवण वा अलिबाग येथेही खारा वारा आहे व शिवाय जांभ्याची तांबडी धूळ आहे. पुण्यात आणि नागपुरात मेट्रोच्या बांधकामांनी सिमेंटची धूळ पाहिली आहे. मराठवाड्यात पाण्याचे दुर्भिक्ष्य आहे. जेथे जेथे एखाद्या तरुणाने कर्ज काढून धुलाईचे यंत्र घेतले असेल, तेथे तेथे त्याने यंत्राच्या तोंडाशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या दहा गाड्या नीट न्याहाळाव्या. कोठे पाणी ओघळते आहे, कोठे मळ राहिला आहे, गाडीचा मालक उतरून कोठे बोट फिरवून पाहतो आहे, हे वहीत टिपावे. ती वही म्हणजेच त्याच्या नव्या सेवांची यादी होय.

यंत्राने वेळ वाचवावा आणि वाचलेल्या वेळात माणसाने अधिक चांगले काम करावे, ही यंत्रयुगाची खरी अपेक्षा आहे. जेथे मालक पाण्याचा, पैशाचा आणि माणसाचा हिशेब सारख्याच काळजीने ठेवतो, तेथे यंत्रही चालते, हातही चालतो आणि दोघांच्या मेळातून दोन कुटुंबांची चूल अधिक सुखाने पेटते.